दोघेही बरे आहेत

आमच्या घरात आरसा एकच होता. वहीएवढा, कडेला पितळेची पट्टी, एका कोपऱ्यात तडा गेलेला. दाराजवळच्या खिळ्याला तो लटकायचा. बा त्यात बघून दाढी करायचा, माय कुंकू लावायची, आणि मी वेण्या घालता घालता उगीच तोंडं वाकडी करून बघायची. तर असा हा आरसा एका पावसाळ्यात खिळ्यावरून उतरला आणि दिवाळी होऊन गेली तरी एका माशापाशीच राहिला. तो काहून राहिला ते सांगायचं म्हणून लिहायला बसले. नातीला तोंडी सांगून झालंय, पण ती मधेच मोबाइल बघते. वहीत लिहिताना मला कुणी मधे थांबवत नाही, एवढं एक सुख आहे.

तेव्हा सेनगाव आतासारखं तालुक्याचं गाव नव्हतं. बा गवंडीकाम करायचा आणि माय निंदणखुरपणाला जायची. घर दोन खणांचं, मधे तट्ट्याची भिंत, ती दोन्ही बाजूंनी शेणामातीनं लिंपलेली. पुढं ओसरी, ओसरीच्या एका कोपऱ्यात चूल. तट्ट्याच्या पलीकडं सिस्टरबाई राहायच्या. दवाखान्यातल्या नर्स, मूळच्या अकोल्याच्या. त्यांचं नाव होतं चांगलं, पण ते गावात कुणी घेतलं नाही, आम्ही पण नाही. गावात खोली शोधत हिंडल्या तेव्हा एकट्या बाईमाणसाला द्यायला लोक आढेवेढे घ्यायचे, आणि आडनाव सांगितलं की रिकाम्या खोल्या पण लगोलग भरलेल्या निघायच्या. शेवटी आमच्या वस्तीत आल्या, आमच्या ओसरीत टेकल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि मायला म्हणाल्या, "तुमच्या इथं राहू का वं?" माय म्हणाली, "राहा की. पण छत गळतं." त्या म्हणाल्या, "गळू द्या."

पावसाळा लागला की सिस्टरबाईंना दम घ्यायला फुरसत नसायची. आमच्या वस्तीची विहीर उताराला. पाऊस झाला की काळ्या रानातलं पाणी तिच्यात उतरायचं आणि हंड्यात चहाच्या रंगाचं पाणी यायचं. जुलाबवांत्यांचे दिवस. सिस्टरबाई छत्री आणि पिशवी घेऊन घरोघर जायच्या, दारातूनच ओरडायच्या, "तुरटी फिरवली का? न्हाई फिरवली? मग पिऊन कशी राहिली तू?" पिशवीतून खडा काढून द्यायच्या, स्वतः हंड्यात हात घालून चार फेरे फिरवून दाखवायच्या. घटकाभरात गाळ तळाला बसायचा आणि वर पाणी असं दिसायचं की त्यात तोंड बघावं. आमच्या घरी तर तो खडा फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवलेला असायचा, नेमानं, भाकरी थापायच्या आधी पिण्याच्या हंड्यात फिरायचाच. दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायले तर मी आधी विचारायची, तुरटी फिरवली का. एवढी मी सिस्टरबाईंची पक्की चेली.

त्यांचे मालक अकोल्यालाच एका छापखान्यात कामाला होते. महिन्याकाठी एकदा यायचे. एकदा आले ते एसटीच्या टपावर गोधडीत गुंडाळलेली काचेची पेटी घेऊन, आणि मांडीवर एक बरणी. कनेरगाव नाक्याला गाडी बदलायची होती तर म्हणे तिथल्या धाब्यावर सगळी माणसं बरणीभोवती गोळा झाली. बरणीत दोन मासे. आम्ही मासे बघितले होते ते ओढ्यातले, राखाडी, नाहीतर बाजारात टोपलीतले. हे लाल-केशरी. एक मोठा, पोटाचा गोल, पिकल्या डांगरासारखा. दुसरी बारीक, पांढऱ्या शेपटीची. मी लगेच नावं ठेवली, डांगऱ्या आणि चिंगी. सिस्टरबाईंच्या खोलीत उजेड नव्हता म्हणून बानं ओसरीत विटांचा ओटा बांधून दिला आणि पेटी त्यावर बसली. आत वाळू, एक विटेचा तुकडा, बस्स.

शेजारची गयाबाई दुसऱ्याच दिवशी बघायला आली. कंबरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सिस्टरबाई, याचं कालवण किती माणसाला पुरंल वो?"

"हे खायचे न्हाईत, मावशी. बघायचे."

"बघायचे?" गयाबाईनं मायकडं बघितलं. "मंग माझ्या म्हाताऱ्याला बी बसवा की एका पेटीत. तो बी नुसता बघायच्याच कामाचा हाय."

आम्ही पोट धरधरून हसलो. पण खरं सांगते, बघायचे म्हणजे किती बघायचे! मी तेव्हा तेरा-चौदाची असेन, शाळा सुटली की दप्तर टाकून पेटीपुढंच. डांगऱ्या जिकडं जाईल तिकडं चिंगी. बोटभर मागं, बराबर त्याच्या कल्ल्याशी. तो वळला की ती वळायची. खायला टाकलं की तो आधी तोंड मारायचा, मग बाजूला सरायचा, आणि ती खाईस्तोवर तिथंच उभा राहायचा. दिवस मावळायच्या सुमाराला दोघं विटेच्या आडोशाला खाली उतरायचे, एकाच दिशेला तोंड करून, अंगाला अंग लागेल इतके जवळ. आणि त्यांना भाकरीचा आवाज कळायचा. चूल तिथंच ना. मायनं पहिली भाकरी थापायला घेतली की दोघं वर यायचे, कारण तिसऱ्या-चौथ्या भाकरीला मी पापुद्र्याचा चुरा टाकायची. माय म्हणायची, "बग, तुझ्या बाला हाक मारावं लागते जेवायला, यांना न्हाई."

सिस्टरबाईंना दिवस गेले होते. हे आम्हाला उशिरा कळलं, कारण त्यांनी सांगितलंच नव्हतं. त्याआधी दोनदा पोट रिकामं झालं होतं, एकदा तर सहाव्या महिन्यात. हे मायनं गयाबाईला सांगितलं आणि मी तट्ट्यामागून ऐकलं. नागपंचमी झाली आणि त्या माहेरी जायला निघाल्या. जायच्या सकाळी मला पेटीपुढं बसवलं. चौथ्या दिवशी निम्मं पाणी तांब्यानं काढायचं, रांजणातलं निवळ पाणी घालायचं, चुरा चिमूटभरच टाकायचा. मग पदराआडून सहा पोस्टकार्डं काढली. प्रत्येकावर अकोल्याचा पत्ता लिहिलेला.

"पंध्रवड्याला एक टाकत जाय. या दोघांचं सगळं लिहायचं. मला तिथं करमणार न्हाई वं."

"लिहीन."

"आन् चंद्रकला," त्या उठता उठता थांबल्या, "माझा असल्या गोष्टीवर विश्वास न्हाई, तुला माहीत हाय. पण..."

त्यांनी पेटीच्या काचेवर बोट ठेवलं, दोघं बोटाकडं आले, आणि त्या निघाल्या. मी त्यांची पिशवी घेऊन स्टँडपर्यंत गेले. त्या 'पण'च्या पुढचं वाक्य मला मायनं घरी सांगितलं, तेही न विचारता. चुलीत फुंकता फुंकता म्हणाली, "बये, जोडी संभाळ. बाई मनाला लावून घेऊन राहिली."

त्या दिवसापासून माझं सगळं लक्ष पेटीकडं. शाळेत बसले की वाटायचं, मांजर आलं असेल. पेटीवर मी बाची वाळू चाळायची जाळी टाकून ठेवायची, वर दगड. तरी मधल्या सुट्टीत पळत येऊन बघायची, दोघं आहेत ना. दोघं असायचे. पहिलं कार्ड मी इतकं भरून लिहिलं की शेवटी कडेनं उभ्या ओळी काढल्या. डांगऱ्यानं चिंगीला ढुशी दिली, गयाबाईनं पेटीत वाकून बघताना डोक्यातलं फूल पाण्यात पाडलं आणि चिंगीनं ते ओढत नेलं, असं सगळं. दुसऱ्या कार्डावर पण जागा पुरली नाही.

मग पोळ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. तीन दिवस पाऊस उघडला नव्हता. रांजणातलं पाणी दोन दिवस ठेवलं तरी निवळेना. मी पाणी बदललं आणि पेटी अशी गढूळ झाली की मासे दिसेनात. नुसता मधे कधी तरी केशरी रंग हलायचा आणि जायचा. मला ते बघवेना. मोजता येईना ना, दोघं आहेत का ते! आणि सिस्टरबाईंनी निवळ पाणी घाल म्हणून सांगितलेलं. मी कोनाड्यातून तुरटी काढली. आम्ही जे पाणी पितो ते यांना का नको, असं माझं साधं म्हणणं. चार फेरे फिरवले. पाणी बरंच होतं, म्हणून आणखी चार. तेवढ्यात मायनं बाहेरून हाक मारली, सरपण भिजून राहिलं, धाव. मी तशीच धावले. खडा हातातून आतच सुटला, वाळूत. सरपण आत घेतलं, मग शेळी सोडवली, मग गयाबाईच्या दारात उभी राहून काहीतरी बोलत बसले. काय बोलले ते आठवत नाही. आजवर कितीदा आठवून बघितलं.

परत आले तेव्हा पाणी निवळलं होतं. अगदी काचेसारखं. वाळूचा कण न कण दिसत होता. चिंगी वर पाण्याच्या कडेला तोंड काढून भराभर श्वास घेत होती आणि डांगऱ्या आडवा. कल्ले उघडे, त्यावर पांढरट चिकट काहीतरी आलेलं. मी हात घातला. पन्हळीखाली पावसाचं पाणी धरायला घंगाळ ठेवलेलं असायचं, त्यात दोघांना टाकलं. डांगऱ्याला दोन्ही हातांनी सरळ धरून पाण्यातून पुढं मागं फिरवत राहिले, जसं बाळाला फिरवतात तसं. माय येऊन मागं उभी राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "सोड त्याला आता." मी सोडला, तर तो पुन्हा आडवा झाला. चिंगी त्याच्याखाली गेली, खालून तोंडानं ढकलायला लागली. पुन्हा पुन्हा. ते बघून माय आत निघून गेली.

बानं शेवग्याच्या झाडाखाली खड्डा केला. मी पेटीतलं पाणी ओतून दिलं, वाळू घासून घासून धुतली, आणि रडत रडत मायला म्हणाले की मी बाईंना कार्ड लिहिते, माझ्या हातानं झालं म्हणून लिहिते. मायनं माझं मनगट धरलं. एवढं घट्ट तिनं कधी धरलं नव्हतं.

"न्हाई लिहायचं."

"काहून?"

"पोटुशी बाई हाय ती. दोनदा जे झालं ते झालं. तिसऱ्यांदा काही झालं तर मरेस्तोवर तुझ्या मनातून जाईल का ते? माझ्या तरी जाईल का?"

बा दारात उभा होता. तो म्हणाला, "माशाचा आन् पोटाचा काय संबंध? बाबासाहेबांचा फोटो लावता घरात आन् असलं बोलता."

"संबंध न्हाई, मला बी माहीत हाय," माय म्हणाली. "तिला माहीत असंल का त्या टायमाला, ते सांगा."

 मी तिसरं कार्ड घेतलं आणि त्यावर लिहिलं, 'दोघेही बरे आहेत. काळजी नसावी.' बाकी कार्ड कोरं राहिलं. ते नेऊन टपालाच्या पेटीत टाकलं. सगळ्या घरात लिहिता येणारी मी एकटी. खोटं लिहिलं ते माझ्याच अक्षरात गेलं.

आणि चिंगी! तिला पेटीत परत सोडलं त्या दिवसापासून ती विटेच्या आडोशाला बसली ती बसली. भाकरी थापल्याचा आवाज झाला तरी वर येईना. चुरा खाली बसून पाणी नासायला लागलं. एका दिशेला तोंड, बाजूला एका माशाची जागा मोकळी सोडलेली. मी खोटं नाही सांगत, जागा सोडून बसायची. तिच्या पाठीवरचा रंग फिका पडायला लागला. आता मला दोन भीती झाल्या. ही गेली तर 'दोघेही' मधलं काहीच उरत नाही, ही एक. आणि दुसरी मी कुणाला बोलले नाही. मला वाटायचं, तिकडं अकोल्याला सिस्टरबाईंच्या पोटातलं लेकरूही असंच, एका बाजूला होऊन, हलायचं थांबलं असेल. भूगोलाच्या तासाला गुरुजी नकाशावर अकोला दाखवायचे तर मी खाली बघायची.

आरशाची युक्ती मी काढली नाही, ते आपोआप झालं. एका सकाळी बा ओसरीत उकिडवा बसून, आरसा ओट्यावर पेटीच्या बाजूला तिरपा उभा करून दाढी करत होता, कारण आत अंधार. गाल फुगवून वस्तरा फिरवत होता. मी चूल सारवत होते. तर चिंगी आडोशातून निघाली. हळूहळू आली, काचेशी, आरशापाशी. थांबली. मग बोटभर मागं सरकली, पुन्हा पुढं. शेपटी हलवली. आरशातलीनं पण हलवली. बानं वस्तरा तसाच धरून ठेवला, तोंड फेसानं भरलेलं, आणि अगदी हळू म्हणाला, "चंद्रे, खायला टाक."

मी चुरा टाकला. तिनं एक तोंड मारलं. मग बाजूला सरून थांबली, आरशातली खाईस्तोवर.

त्या दिवसापासून आरसा तिथंच. बा रोज पेटीपुढं मांडी घालून, मान वाकडी करून दाढी करायचा, गाल कापून घ्यायचा आणि म्हणायचा, "ही माझ्याकडंच बघून राहिली वो, लाज वाटते." माय कुंकू लावायला वाकायची तर गुडघे दुखायचे, तरी कधी म्हणाली नाही की आरसा वर टांग. गयाबाई म्हणाली, "सवत आणली का तिच्यावर?" आणि मी चौथं कार्ड लिहिलं तेव्हा आधी पेटीपुढं बसले, आरशात बघितलं, दोन मोजले आणि मग लिहिलं, 'दोघेही बरे आहेत.' म्हटलं, आता अगदीच खोटं नाही. पण मनाला काही समजावता येत नाही, ते जे जाणायचं ते जाणतंच. रात्रीचं जेवण उतरायचं नाही. अंबाडीची भाजी आणि भाकरी माझी आवडती, तीही तोंडात फिरत राहायची.

सिस्टरबाईंची कार्डं येत होती, 'जोडी कशी आहे' एवढंच विचारणारी. दसऱ्यानंतर ती यायची बंद झाली. त्यांचे दिवस भरलेले. पोस्टमन आमच्या वस्तीच्या तोंडाशी सायकल वळवायचा, मी रोज तिथं उभी. तो लांबूनच मान हलवायचा. पंध्रवडा गेला. दिवाळी आली, गेली. माय सिस्टरबाईंचं नाव घ्यायचं टाळायला लागली आणि मी ती टाळते हे बघून आणखी घाबरायला लागले. गयाबाई एकदा म्हणाली, "काही बरंवाईट..." तर मायनं तिच्या हातातली चहाची बशी काढून घेतली, अर्धी प्यायलेली. "जा घरी," म्हणाली. मी सहावं कार्ड लिहिलं, टाकलं, आणि कार्डं संपली. पुढं काय लिहायचं हा प्रश्न तरी मिटला, असं वाटून हलकं वाटलं, आणि लगेच स्वतःचा राग आला.

मग एका दुपारी, मी शेंगा फोडत बसले होते, तर जीप थांबल्याचा आवाज. पुढून सिस्टरबाईंचे मालक उतरले, ट्रंक घेऊन. मागून त्या. वाळलेल्या, डोळे खोल गेलेले. छातीशी एक गाठोडं. मी उठले नाही. गाठोडं हलत नव्हतं. त्या जवळ जवळ येत होत्या आणि ते हलत नव्हतं. मग ओसरीच्या पायरीला ठेच लागून त्या जरा डगमगल्या आणि आतून असं कोकललं की कोंबड्या उडाल्या.

माय आतून धावत आली. हातातलं पीठ तसंच. "काय हाय? काय हाय?"

"पोरगी," सिस्टरबाई म्हणाल्या. "मला लई ताप होता महिनाभर. कार्ड लिहायला बसवतच न्हवतं."

मायनं पिठाच्या हातानंच लेकराचं तोंड कुरवाळलं, त्याच्या गालावर पांढरे पट्टे उठले. सगळे हसत होते. मी शेंगांच्या टरफलात तशीच. कारण सिस्टरबाईंची नजर आता पेटीकडं गेली होती.

त्या लेकरू घेऊन पेटीपुढं खाली बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या. चिंगी आरशापाशी होती, दुपारी असायचीच. "दोन दिसून राहिले," त्या म्हणाल्या. मग हात लांब केला आणि पेटी आणि आरसा यांच्या मधे तळवा घातला. चिंगी थांबली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. त्यांनी तळवा काढून घेतला. तोंड न वळवताच विचारलं, "डांगऱ्या पोळ्याच्या टायमाला गेला न?"

 त्यांनी पिशवीतून दोऱ्यानं बांधलेली माझी कार्डं काढली आणि तिसरं वर ठेवलं.

"आधी तुला जागा पुरत नव्हती. कडेनं उभं लिहायची. आन् मग एकच ओळ, चार-चारदा तीच. मला कळलं न वं."

"मग तुमी विचारलं काहून न्हाई?" माय म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"कसं विचारू? विचारलं असतं तर हिनं खरं लिहिलं असतं. माझी आई म्हणायची, वाच कार्ड, मोठ्यानं. तर मी ती एक ओळ वाचायची आन् पुढचं मनानं जोडायची. डांगऱ्यानं आज हे केलं, चिंगीनं ते केलं. ती हसायची."  लेकरू त्यांच्या पदरात चुळबुळत होतं. "तू खोटं लिहिलं, मी खोटं वाचलं."

मग मी सगळं सांगितलं. गढूळ पाणी, आठ फेरे, सरपण, आत राहिलेला खडा. बोलताना पुन्हा पुन्हा म्हणत होते, निवळ पाणी घाल म्हणून तुमीच सांगितलं होतं, आणि म्हणता म्हणता कळत होतं की मी त्यांच्यावर ढकलते आहे. त्यांना पण ते कळलं असावं. त्या कोनाड्यातल्या फडक्याच्या पुरचुंडीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुरटी तर मीच वाटत हिंडले घरोघर."

"ती माणसांसाठी, बाई," माय म्हणाली.

"व्हय. पण माशाला नको, हे मला बी माहीत नव्हतं. माहीत असतं तर जाताना सांगितलं असतं." एवढं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात जड होता आणि लगेच उचलला गेला. पुष्कळ जण म्हणतील, माफ केलं तिनं. केलंही असेल. पण त्या संध्याकाळी तट्ट्यापलीकडून लेकराच्या रडण्यात मिसळून दुसरं एक रडणं मी ऐकलं, आणि दोन दिवस त्या पेटीपुढून गेल्या तरी थांबल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र लेकराला घेऊन बसल्या, आणि आरशात बघणाऱ्या चिंगीला म्हणाल्या, "ही बग, ही नवी आली." मग मी पण जाऊन शेजारी बसले. त्यांनी सरकून जागा दिली.

चिंगी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जगली. काही झालं नव्हतं, पाणीही चांगलं होतं. बा सकाळी दाढीला बसला, एका गालाचा फेस झाला होता, आणि त्यानं मला हाक मारली. त्यानं अर्धी दाढी तशीच ठेवून शेवग्याखाली दुसरा खड्डा केला, पहिल्याला लागून, बोटभर अंतरावर. मग आरसा पुसला आणि खिळ्याला टांगला. पण पुढं कितीतरी दिवस तो वस्तरा घेऊन ओसरीतच जाऊन बसायचा, मांडी घालून, मान वाकडी करून. बसल्यावर त्याच्या लक्षात यायचं. मग उठून आत यायचा, आणि आम्ही बघितलं नाही असं दाखवायचो.

आता हिंगोलीत मुलाच्या घरी हॉलमध्ये मोठी काचेची पेटी आहे, पंप आहे, निळा दिवा आहे. पाणी नळाचं, त्यात टाकायचे थेंब बाटलीतून येतात, त्यावर सगळं छापलेलं. नात मला काही करू देत नाही, फक्त पाणी बदलायचं काम माझ्याकडं सोडलंय, तेही मी हट्ट केला म्हणून. मी पाणी एक दिवस बादलीत ठेवते. दुसऱ्या दिवशी त्यातलं ओंजळभर घेऊन आधी स्वतः तोंडात धरते. जीभ आखडत नाही ना, तुरट लागत नाही ना, एवढं बघते. पोरगी हसते, म्हणते, "आजी, तू मासा हायेस का?" मी तोंडातलं पाणी गिळते, थोडा वेळ थांबते आणि मग बादली उचलते.